विहीणबाईंचे वरचे पैसे

माझ्या लेकीची सासू आयुष्यभर हॉटेलात वाढायचं काम करत होती. हे मी पहिल्यांदा आमच्या जाऊबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे हॉटेल त्यांचंच असेल ना?"

"नाही. हॉटेल मालकाचं. त्या वाढायच्या."

जाऊबाईंनी विषय बदलला. लेक पुण्यात फ्रेंच शिकली, भाषांतराची कामं करू लागली, त्याच कामासाठी फ्रान्समध्ये लिऑनला गेली आणि तिथल्या मुलाशी लग्न करून राहिली, इथपर्यंत जव्हारमधल्या आमच्या नातेवाइकांनी सांभाळून घेतलं होतं. जावई इंजिनिअर, म्हणजे चाललं. पण त्याची आई ताटं उचलायची आणि वारलेले वडील टॅक्सी चालवायचे, हे कुणाला सांगावं तर कसं, असा सगळ्यांना प्रश्न पडला होता.

मला तो पडला नाही, कारण माझी सगळी नोकरी मोखाड्याच्या शाळेत गेली आणि त्यातली बरीच वर्षं दुपारचं जेवण एसटी स्टँडजवळच्या खानावळीत झालं. बाजाराच्या दिवशी तिथे वाढणाऱ्या बाईला काय काय सांभाळावं लागतं ते मी रोज डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे विहीणबाई येणार म्हटल्यावर मला उलट बरंच वाटलं. माणूस कामातलं आहे, आपलं जमेल.

त्या फाल्गुनात आल्या, लेकीबरोबर. जावयाला रजा मिळाली नव्हती. उंच, सडपातळ बाई, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, चाल भरभर. मराठी शब्द एकच येत होता, "नमस्कार", तोही त्या दिवसातून सगळ्यांना सारखा घालायच्या. एक गोष्ट माझ्या पहिल्याच दिवशी लक्षात आली. त्या घरात रिकाम्या हाताने कधी चालायच्या नाहीत. ओट्यावरून आत येताना कुणाचा तरी चहाचा कप उचलून आणायच्या, आतून बाहेर जाताना पाण्याचा तांब्या घेऊन जायच्या. मी लेकीला म्हटलं, "अगं, पाहुण्या आहेत त्या, त्यांना बसव." लेक म्हणाली, "आई, मी तिकडे सहा महिने प्रयत्न केला. त्यांचे हात ऐकत नाहीत."

पहिल्या आठवड्यात मी त्यांना शिरपामाळ दाखवलं, राजवाडा बाहेरून दाखवला. त्या सगळं बघायच्या, मान डोलवायच्या, पण त्यांचं लक्ष माणसांकडे. म्हणून मग बाजाराच्या दिवशी मोखाड्याला जायचं ठरवलं. जव्हारच्या नाक्यावरून शेअर जीप मिळते. ड्रायव्हर माझ्या ओळखीचा. शाळेच्या दिवसांत त्याच्याच गाडीतून जायची-यायची मी. त्याने विहीणबाईंना पुढची सीट दिली, मी आणि लेक मधे.

वाटेत एका पाड्यावर एक म्हातारी चढली. डोक्यावर बोरांची पाटी, तीही आत घेतली. तिने भाड्यासाठी तळहातावर नाणी काढून पुढे धरली. ड्रायव्हरने आरशात बघत हात मागे केला, त्यातली थोडी उचलली आणि बाकीची तिच्याच हातात राहू दिली. म्हातारीनेही मूठ मिटून घेतली. 

विहीणबाईंनी मागे वळून लेकीला विचारलं, भाडं काय असतं. लेकीने सांगितलं. मग त्यांनी विचारलं, त्याने कमी का घेतलं.

लेकीने ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "आजीकडून पुरं कोण घेतं? ती बोरं विकायला चालली. इकलीच नाय तर?"

हे फ्रेंचमध्ये सांगितल्यावर विहीणबाई हसू लागल्या आणि बराच वेळ बोलत राहिल्या. लेक तुकड्यातुकड्याने सांगत होती. त्यांच्याकडे टॅक्सीला मीटर असतो आणि मीटरचे पैसे दिले की हिशेब संपला. तरीही लोक थोडे वर देतात. सुट्टे परत घेत बसत नाहीत, पुढच्या पुऱ्या आकड्यापर्यंत नेतात आणि "राहू द्या" म्हणतात. बॅग उचलून दिली असेल तर आणखी थोडं. द्यायलाच हवं असं काही नाही. एखादा शेवटचं नाणं हातात पडेपर्यंत थांबतो, तर त्यालाही कुणी वाईट म्हणत नाही. त्यांचे यजमान घरी येऊन सांगायचे, आज अमुक पूल ओलांडला, आज अमुक म्हातारा गाडीत रडला. वर किती मिळाले हे मात्र क्वचितच सांगायचे.

ड्रायव्हरने गाडी वळणावर हळू केली. "मीटरच्या वर? आणि भांडण न करता?"

"न भांडता," लेक म्हणाली.

"आमच्याकडं ठरलेलं भाडं मिळवायचं म्हणजे अर्धा रस्ता बोलावं लागतं." विहीणबाईंचं काम मी त्याला आधीच सांगितलं होतं. "आणि हॉटेलात? पाव्हण्यांना हॉटेलात कसे द्यायचे लोक? हातात?"

विहीणबाईंनी मान जोरात हलवली. हातात नाही. बिल एका छोट्या बशीतून येतं, त्याच बशीत किंवा टेबलावर ठेवून निघून जायचं. ड्रायव्हरने हे ऐकून घेतलं आणि "असं होय" म्हणून हॉर्न वाजवला. समोर शेळ्या होत्या.

बाजार फिरून झाल्यावर मी दोघींना खानावळीत नेलं. खानावळ एका मावशींची आहे. आम्ही सगळे त्यांना मावशीच म्हणतो. पत्र्याची शेड, लांब बाकं, आत चुलीवर भाकरी. वाढायला एकच बाई. ती पूर्वी दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जायची, ठाण्याकडे. मुलं शाळेत टिकेनात म्हणून जाणं सोडलं आणि मावशींकडे लागली. बांधा बारीक, बोलणं कमी, पण बसलेल्या माणसाला भाकरी हवी आहे हे तिला त्याच्या मान वर करण्यावरून कळायचं. आमच्याकडच्या बोलीत अहो-जाहो फारसं नाही. ती मलाही "बाई, तू" म्हणते आणि ते कानाला गोड लागतं.

विहीणबाईंनी नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी मन लावून खाल्ली, पण डोळे सगळा वेळ त्या बाईवर. ती कुठून वळते, कुणाचं ताट आधी उचलते, पाणी कधी आणते. एकदा त्या लेकीच्या कानाशी काही बोलल्या. मी विचारलं, काय म्हणतात?

"म्हणतात, ही एकदाही रिकामी परत जात नाही."

पैसे मी दिले. आम्ही उठलो तेव्हा विहीणबाई सर्वांत शेवटी उठल्या, आणि त्यांनी ताटाच्या कडेखाली एक नोट सरकवलेली मी पाहिली. मोठी नोट होती.  त्यांची रीत त्यांना माहीत.

आम्ही जीपमध्ये बसलो, गाडी भरायची वाट बघत होतो, तेवढ्यात ती वाढणारी बाई लगबगीने आली. हातात कापडी पिशवी, वालाच्या शेंगांनी गच्च भरलेली, वरून लिंबं. तिने ती खिडकीतून विहीणबाईंच्या मांडीवर ठेवली.

मी म्हटलं, "अगं, हे काय?"

"पाव्हनीनं ताटाखाली पैसं ठेवलं," ती म्हणाली. "त्याचं आणलं."

"ते तुला ठेवले होते. तू छान वाढलंस म्हणून."

"वाढायचं मावशी देती मना. पाव्हनीनं दुसरं कशाचं दिलं? लय होतं पैसं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. बाजारात कुणी भाव चुकून जास्त दिला तर समजावून सांगावं तसं ती मला सांगत होती. मग तिने विहीणबाईंकडे बघून मान हलवली आणि आली तशी निघून गेली. खानावळीत माणसं बसली होती.

परतीच्या वाटेवर विहीणबाई पिशवी दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. लेकीने सगळं सांगितल्यावर त्यांनी फक्त एकदा विचारलं, "तिला वाईट वाटलं का?" लेकीने मला विचारलं. मी म्हटलं, वाईट वाटलं असतं तर नोट परत आली असती. तिने ती घेतली आणि फेडली.

संध्याकाळी आम्ही तिघी ओट्यावर शेंगा सोलायला बसलो. विहीणबाईंनी दोनतीन शेंगा माझ्याकडे बघून सोलल्या आणि मग त्यांचे हात माझ्यापेक्षा भराभर चालू लागले. सोलता सोलता त्या बोलू लागल्या.

त्यांच्याकडे वाढणाऱ्याची मजुरी पदार्थाच्या किमतीतच धरलेली असते, तसा कायदाच आहे. पूर्वी तसं सगळीकडे नव्हतं, त्यांच्या आधीच्या पिढीने बशीतल्या नाण्यांवर घरं चालवली होती आणि त्यासाठी गिऱ्हाइकाचं काय काय ऐकून घेतलं होतं. आता पगार पगाराच्या जागी असतो. त्यामुळे वरचं नाणं हलकं झालं. ठेवलं तर आनंद, नाही ठेवलं तर कुणाची चूल विझत नाही. बाहेरून आलेले प्रवासी मात्र उगीच घाबरतात. कुणी खूप ठेवतात, कुणी विचारत बसतात की नक्की किती. तिथली माणसं कॉफी पिऊन चिल्लर ठेवतात, चांगलं जेवण झालं तर एखादी नोट. "आता तेही कमी झालंय," त्या म्हणाल्या, "सगळे कार्ड टेकवतात. बशी रिकामीच परत येते." मी म्हटलं, आमच्या खानावळीतही मावशींनी मोबाइलचं चौकोनी चित्र लावलंय, त्यांना सांग.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्या कामाला लागल्या तेव्हा अगदी तरुण होत्या. एका गिऱ्हाइकाने, मोठा माणूस होता, जाताना त्यांच्या हातात नाणं ठेवलं आणि त्यांची बोटं आपल्या हाताने मिटली. मिटून तशीच धरून ठेवली, काहीतरी गोड बोलला. आसपासची टेबलं बघत होती. तो गेल्यावर त्या आत जाऊन हात धूत राहिल्या. तिथे वाढणारी एक वयस्कर बाई होती. ती म्हणाली, "पोरी, जो हातात देतो त्याला तुझा चेहरा बघायचा असतो. ज्याला खरंच द्यायचं असतं तो बशीत ठेवून दाराबाहेर गेलेला असतो."

"म्हणून मी ताटाखाली ठेवले," विहीणबाई म्हणाल्या. "पण मी प्रवाशासारखे ठेवले. नाणं ठेवायचं होतं, मी नोट ठेवली. तिने मला बरोबर जागेवर आणलं." आणि त्या मनापासून हसल्या. लेक मला ते सांगत होती तेव्हा त्या माझ्याकडे बघत होत्या, मला समजलं की नाही ते पाहायला. मला सगळं समजलं होतं. मला त्या बाईचाही अभिमान वाटत होता आणि या बाईचाही.

शेंगांची भाजी झाली. त्या दोनदा घेऊन जेवल्या.

पुढचा बाजार होळीच्या आधीचा. आमच्या भागात शिमग्याच्या बाजारासारखा दुसरा बाजार नाही. भट्ट्यांवर, बांधकामांवर गेलेली माणसं घराकडे परतलेली असतात, हातात मजुरी असते, पोरांना कपडे घ्यायचे असतात. सूर्यमाळच्या पाड्यांवरून माणसं पहाटे निघून चालत येतात. साखरेच्या गाठ्यांनी दुकानं पांढरी झालेली. अशा दिवशी खानावळीत बसायला जागा मिळत नाही, हे मला ठाऊक होतं, पण विहीणबाईंना यायचंच होतं. जीपमध्ये त्यांनी ड्रायव्हरला "नमस्कार" घातला, त्याने हात जोडून फ्रेंचमध्ये काहीतरी म्हटलं. लेकीने त्याला मागच्या खेपेला शिकवलं होतं म्हणे.

आम्ही खानावळीत पोचलो तर आत नुसता गोंधळ. बाकं भरलेली, दारात माणसं उभी. मावशी कपाळाला हात लावून गल्ल्याशी. होळीसाठी त्यांनी आणखी एक बाई वाढायला सांगून ठेवली होती, ती आलीच नाही. आत भाकऱ्या थापणारी थापत होती, मागे भांडी घासणारी घासत होती, पण मधे वाढायला नेहमीची बाई एकटी. पुरुष ओरडत होते, "इकडं आमटी," "आमचं कधी?" ती धावत होती. मी इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदा धावताना पाहिलं.

विहीणबाई दारातच थांबल्या. एकदा शेडभर नजर फिरवली. मग त्यांनी खांद्यावरची पिशवी काढून माझ्याकडे दिली, लेकीच्या गळ्यातली ओढणी काढून घेतली, कमरेला घट्ट बांधली आणि पिंपाशी जाऊन हात धुतले.

लेक म्हणाली, "आई, त्यांना थांबव."

मी म्हटलं, "तू थांबवून बघ."

त्या सरळ आत चुलीपाशी गेल्या. भाकऱ्या थापणारी बाई बघतच राहिली. त्यांनी भरलेलं एक ताट डाव्या हातात घेतलं, दुसरं त्याच्या खालून बोटांत अडकवलं, तिसरं मनगटाच्या वर, हातावरच टेकवलं. चौथं उजव्या हातात. वाट्या हिंदकळताहेत असं दिसल्यावर परत ठेवली, वाट्या काढून घेतल्या, नुसती भाकरी-भाजीची ताटं नेली आणि वाट्यांसाठी वेगळी फेरी मारली. चारही ताटं एकदम आलेली बघून बाकावरची माणसं जेवायचं विसरली. एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "ही कोण रे?" कुणीतरी म्हणालं, "बाईंची व्याहीण."

वाढणारी बाई मधेच उभी राहिली. दोघींची नजर भिडली. विहीणबाईंनी हाताने विचारलं, तू कुठलं, मी कुठलं? तिने हनुवटीने दाखवलं, तू तिकडची दोन बाकं, मी इकडची. एवढंच बोलणं झालं. त्यानंतर त्या दोघी एकमेकींच्या बाजूने अशा जात होत्या की जणू वर्षानुवर्षं त्याच शेडमध्ये काम करताहेत. एक आत जाताना दुसरीची उष्टी ताटं घेऊन जायची, दुसरी बाहेर येताना पहिलीची भाकरी आणायची. भाषा लागलीच नाही. किती भाकऱ्या हे माणसं बोटांनी दाखवायची, आणखी आमटी हवी असेल तर वाटी वर करायची. लेक आणि मी पाण्याचे पेले भरत होतो. आम्हाला एवढंच जमण्यासारखं होतं.

मी बरेच हुशार लोक पाहिलेत. आपलं काम इतकं अंगात मुरलेलं, परक्या देशात, परक्या ताटांनी, सत्तरीला आलेल्या गुडघ्यांनी ते तसंच्या तसं उभं राहिलेलं मी क्वचितच पाहिलंय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी चुलीच्या धुरावर ढकललं.

आमचा जीपवाला त्याच्या सोबतच्या ड्रायव्हरांबरोबर विहीणबाईंच्या बाकावर जेवत होता. जेवण झालं, मावशींचे पैसे त्याने मोबाइलवरून दिले. मग खिशातून काही नाणी काढली आणि ताटाच्या कडेखाली सरकवून ठेवली. सोबतच्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. तेही खिसे चाचपू लागले. आणि मग ते सगळे, मागे न बघता, शाळेच्या पोरांसारखे रांगेने बाहेर पडले.

विहीणबाई ताटं उचलायला आल्या. पहिलं ताट उचललं आणि थांबल्या. दुसरं उचललं. त्यांनी दाराकडे पाहिलं. ड्रायव्हर मंडळी बाहेर रस्त्यावर पाठ करून उभी होती, पण कान इकडे.  विहीणबाईंनी नाणी गोळा केली, गल्ल्यावरचा एक स्टीलचा पेला घेतला, त्यात टाकली आणि ताटं घेऊन आत गेल्या. पण चेहरा असा झाला होता की लेकीने माझा हात धरला.

ड्रायव्हरांचं बघून आणखी काहीजण ठेवू लागले. बाजारात गंमत पसरायला वेळ लागत नाही. कुणी एक नाणं ठेवलं, एका बाईने चार बोरं ठेवली. तीही पेल्याशेजारी गेली.

दुपार कलल्यावर गर्दी ओसरली. विहीणबाईंनी पेला बाकावर उपडा केला आणि चार ढीग करू लागल्या. एक वाढणारीचा, एक भाकऱ्या थापणारीचा, एक भांडी घासणारीचा, एक स्वतःचा. मावशी गल्ल्यावरून उठून आल्या.

"आणि माझा?"

लेकीने ते फ्रेंचमध्ये विचारलं. विहीणबाईंनी बोट हलवलं. मालकाला नाही. त्यांच्याकडे मालकाने या पैशांना हात लावायचा नसतो.

"खानावळ माझी, पेला माझा," मावशी म्हणाल्या, पण हसत होत्या. मग त्यांनी भांडी घासणारीला हाक मारून बाहेर बोलावलं आणि तिचा ढीग तिच्यापुढे सरकवला. ती ओल्या हातांनी उभी राहिली, तिला कळेना हे काय. आजवर मागच्या दारापर्यंत तसलं काही पोचलं नव्हतं.

मी वाढणाऱ्या बाईकडे बघत होते. मागच्या वेळचं मला आठवत होतं. तिने आपल्या ढिगाकडे पाहिलं, विहीणबाईंच्या ढिगाकडे पाहिलं. दोन्ही सारखे. मग तिने आपली नाणी उचलून पदराच्या टोकाला गाठ मारली.

मी विचारलं, "घेतलेस?"

"ही मिळून केल्याची हाय," ती म्हणाली. "ही घ्यायची."

विहीणबाईंनी आपल्या वाट्यातून सगळ्यांना चहा सांगितला, बाहेरच्या ड्रायव्हरांनाही. ते आत आले, बसायला लाजत होते. चहा पिताना लेकीने सांगितलं की फ्रेंचमध्ये या वरच्या पैशांना जो शब्द आहे त्याचा अर्थच "पिण्यासाठी" असा होतो. पूर्वी लोक म्हणायचे, हे घे, माझ्याकडून एक पेला घे.

"म्हणजे चहापाणी," मावशी म्हणाल्या.

सगळे हसले. आमच्याकडे त्या शब्दाने फार वाईट संगत धरलीय. चहापाणी म्हटलं की माणूस आधी आजूबाजूला बघतो. मी लेकीला म्हटलं, त्यांना तेवढं सांग. तिने सांगितलं. विहीणबाई म्हणाल्या, फरक सोपा आहे. काम व्हायच्या आधी मागितलं तर ते वेगळं. काम झाल्यावर, न मागता, आणि देणारा निघून गेल्यावर, ते हे. ड्रायव्हर म्हणाला, "मग आज शब्द धुऊन निघाला." आणि चहाचा ग्लास खाली ठेवला.

घरी आल्यावर विहीणबाईंच्या पायांना सूज आली होती. मी घमेल्यात कोमट पाणी घेतलं, मीठ टाकलं आणि ओट्यावर आणलं. त्या उठायला लागल्या, मी खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. जाऊबाई त्याच वेळी होळीचं विचारायला आल्या होत्या. मोखाड्याची बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. त्या जराशा उभ्या राहिल्या, मग आत गेल्या आणि टॉवेल घेऊन आल्या.  विहीणबाईंचा एक पाय त्यांनीच पुसला.

धुळवड झाल्यावर विहीणबाई लेकीबरोबर परत गेल्या. मुंबईला विमानापर्यंत त्याच ड्रायव्हरने त्याच्या भावाच्या गाडीतून नेलं. जाताना त्या मावशींच्या खानावळीवरून गेल्या नाहीत, रस्ता उलट्या बाजूला. पण आदल्या दिवशी भेटून आल्या होत्या. वाढणाऱ्या बाईने त्यांना बांगड्या दिल्या, त्यांनी तिला कमरेला बांधायचं एक जाड कापड दिलं, पुढे खिसा असलेलं. ते त्यांनी तिकडून येताना सवयीने बॅगेत टाकलं होतं म्हणे.

पावसाळ्यात धबधबे बघायला शहरातून गाड्या येतात. एका रविवारी मी खानावळीत होते. एका गृहस्थांनी जेवण झाल्यावर तिला जवळ बोलावलं, नोट पुढे केली आणि म्हणाले, "घे, तुझ्या मुलांना खाऊ." तिने हात पुढे केला नाही.

"ताटापाशी ठेव," ती म्हणाली आणि दुसऱ्या बाकावर पाणी द्यायला गेली.

ते माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, इथली रीत आहे. त्यांनी नोट ताटापाशी ठेवली. तिने ती नंतर पेल्यात टाकली आणि पेला आत नेऊन ठेवला.

आता बाजाराच्या दिवशी मी मोखाड्याला गेले की लेकीला व्हिडिओ फोन लावते. ती तिकडे विहीणबाईंकडे असली की त्या चित्रात येतात. मी फोन वाढणाऱ्या बाईच्या हातात देते. दोघी एकमेकींना काय सांगतात देव जाणे. ही इकडचं बोलते, त्या तिकडचं. ही फोन फिरवून बाकं दाखवते, किती माणसं आहेत ते. त्या हाताने विचारतात, एकटीच आहेस का? ही नवीन लागलेल्या बाईकडे फोन वळवते. मग मावशी गल्ल्यावरून ओरडतात, "ठेव आता तो, भाकरी निवली," आणि ती फोन माझ्या हातात देऊन चुलीकडे जाते. जाताना समोरच्या बाकावरची दोन उष्टी ताटं उचलून नेते.